मापाच्या वहीत सहा चहा

माझी वाढलेली शुगर खाली आली तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं की तू नेमकं केलंस काय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

बेळगावच्या वडगावात आमचं घर, खालच्या खोलीत माझी दोन शिलाई मशीन. सकाळी दहाला बसले की रात्री आठपर्यंत मी त्या खुर्चीतच. मागच्या वर्षी संक्रांतीनंतर दुपारी मशीनवर बसलं की डोळे मिटायला लागले, पाय जड वाटायचे, म्हणून रक्त तपासून घेतलं तर एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, ६.२ आलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ५.७ च्या खाली असलं तर ठीक, ६.५ आणि त्याच्या वर गेलं की शुगर, आणि तुम्ही त्या मधल्या पट्ट्यात आहात. माझ्या आईला शुगर होती, तिच्या पायाची जखम सात महिने भरली नव्हती आणि ती ड्रेसिंग मीच करायचे, त्यामुळे तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकावर किती वेळ बसून राहिले मलाच आठवत नाही.

मग सगळे करतात तेच केलं. ओट्स आणले, ग्रीन टी आणला, माझ्यासाठी वेगळं सॅलड, वेगळं सूप. घरात बाकीच्यांचं जेवण एकीकडे आणि माझं ताट दुसरीकडे. अठरा दिवस चाललं. त्यात हळदीकुंकवाचे दिवस, रोज कुणाकडे तरी बोलावणं, आणि घरी आलं की गरम भात आणि आमटीचा वास, आपल्यापुढे मात्र काकडीची वाटी, रडायला यायचं खरंच. एकोणिसाव्या दिवशी मी तीन वाढप भात खाल्ला आणि ओट्सचा डबा मागे सरकवला. माझ्यापुरतं सांगते, घरात एकटीचं वेगळं ताट मांडलं की ते टिकत नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला एकच काम दिलं, तीन दिवस तोंडात जे जाईल ते लिहा, काही बदलू नका, नुसतं लिहा. माझ्याकडे गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही असते, तिच्याच मागच्या पानावर लिहिलं. छाती ३६, कमर ३२ च्या मागे सकाळी चहा, दहाला चहा, ब्लाउज टाकायला बाई आली म्हणून चहा, ट्रायलला आली म्हणून चहा, चार वाजता चहा आणि सोबत फरसाण, संध्याकाळी हे उद्यमबागहून कामावरून आले की त्यांच्याबरोबर चहा. सहा चहा! आपल्याकडे कुणी दारात आलं की चहा टाकायचाच आणि एकट्या पाहुण्याला देऊन आपण बसायचं नाही, आपणही अर्धा कप घ्यायचा, ते अर्धे कप मी कधी मोजलेच नव्हते. प्रत्येकात दोन चमचे साखर. आमचा तो चमचा भरून मी वजनकाट्यावर घातला तर ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. आणि मी इतके दिवस आमच्या बेळगावचा कुंदा, ती दुधाची मिठाई, खायला घाबरत होते, जो महिन्यातून एकदा कधीतरी घरात येतो!

चहा बंद केला नाही, तेवढं आधीच सांगते. पहिले पंधरा दिवस दोनाचा दीड चमचा, मग एक, मग अर्धा. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी, जीभ हळूहळू ऐकते, आता कुणाकडे पूर्ण गोड चहा दिला तर मला घोट जात नाही. कप लहान आणले. मशीनच्या बाजूला ताकाचा तांब्या ठेवायला लागले, जिरं मीठ घालून, उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना तेच आवडायला लागलं. सासूबाईंचा चहा मात्र गोडच आहे, त्यांचं वय ७८, एकच कप घेतात, त्यांना मी कशाला सांगू. त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला साखर रेशनची, चहा सकाळी एकदाच व्हायचा, पोरं तर गुळाचा प्यायची."

हो, गुळाचं पण सांगते. माझं माहेर संकेश्वरकडचं, भाऊ गुऱ्हाळातली ढेप पाठवतो, त्यामुळे मी बरेच दिवस चहात गूळ घालून खूश होते की आपण साखर सोडली. डॉक्टरांनी विचारलं, ऊस एकच ना दोघांचा? गुळात थोडं लोह वगैरे असतं पण बाकी बहुतेक साखरच, शरीराला फार फरक कळत नाही. भावाला वाईट वाटू नये म्हणून ढेप अजून येते, पुरणपोळीला आणि सणाला वापरते.

मग ताटाकडे आले, आणि ह्या वेळी माझ्या एकटीच्या नाही, सगळ्या घराच्या. आमच्यात दोन्ही वेळेला भात लागतो, इथे येळ्ळूर, धामणे, आमच्या वडगाव शहापूरच्या शिवारात बासमती इंद्रायणी पिकतो, तो वास आला की पोटात जागा होतेच. भात बंद करणार नाही हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. फक्त वाढायचा क्रम बदलला. आधी भाजी आणि उसळ, त्याच्याबरोबर भाकरी, आणि शेवटी एक वाटी भात. पूर्वी भाताचा डोंगर आणि बाजूला चमचाभर भाजी असायची. भाजी, डाळ आधी पोटात गेली तर जेवणानंतरची शुगर कमी चढते असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसरं म्हणजे भातापर्यंत येईतोवर पोट भरलेलं असतं, वाटी पुरते.

भात काढला की ह्याच शिवारात मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात, आणि मी मात्र पंचवीस वर्षं संसार करून आख्खा मसूर फक्त पाहुणे आले की करत होते. आता आठवड्यातून दोनदा होतो. कच्च्या १०० ग्रॅम मसुरीत साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं, माझ्या मुलाला जिमवाल्या मित्रांनी पावडरचा डबा घ्यायला सांगितला होता, त्याला मी हे दाखवलं, आता रविवारी मसूर तोच करतो.

शेजारच्या आक्का कन्नड, त्यांच्या ताटात कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात, काकडी रोज असते, भाकरीबरोबर नुसतं चावून खायचं, आणि वरून शेंगाचटणी किंवा कारळ्याची. आम्ही इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो पण मी हे कधी उचललं नव्हतं. त्यांच्याकडूनच कोसंबरी शिकले. मुगाची डाळ तासभर भिजवायची, काकडी, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, वरून मोहरी मिरचीची फोडणी, बस्स. चार वाजताच्या फरसाणाच्या जागी आता ही वाटी असते नाहीतर भाजक्या शेंगा मूठभर, थंडीत पेरू. आणि अंबाडीला त्या पुंडी म्हणतात, ज्वारीच्या कण्या घालून तिची जी पल्या, म्हणजे भाजी, करतात ती एकदा खाऊन बघाच.

एक गोष्ट मात्र, भाकरी म्हणजे औषध नाही. ज्वारीतही पिष्ट असतंच, मी सुरुवातीला भाकरी चांगली म्हणून तीन तीन खायची आणि वजन काटा हलायचा नाही. आता एक, फार तर दीड.

तेलाचं मोजलं तर महिन्याला ५ लिटर लागत होतं चौघांना, म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला ३ लिटर भरून ठेवते आणि तेवढ्यातच भागवते, आठवड्याला भजी केली तर पुढचे दिवस आपोआप हात आखडतो.

सगळ्यात अवघड गेलं ते रात्रीचं जेवण. ह्यांना ओव्हरटाइम असला की पावणेदहा होतात, आणि मी लग्न झाल्यापासून थांबायची. नवरा यायच्या आधी जेवायचं म्हणजे मला कसंतरीच वाटायचं, कुणी अडवलं नव्हतं तरी. शेवटी हेच म्हणाले, "तू आईबरोबर साडेसातला जेवून घे की, मी आल्यावर समोर बस म्हणजे झालं." पहिल्या दिवशी घास उतरला नाही. आता मी त्यांना वाढते, समोर बसते, मग दोघं मिळून शतपावलीला जातो. पंधरा मिनिटं, येळ्ळूर रोडला थोडं पुढे जाऊन परत. जेवल्यावर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून तीच वेळ धरली. दिवसभरात शिवाय दर तासाला मशीनवरून उठते, मोबाईलला गजर लावलाय, गिऱ्हाईक समोर असलं तरी उठते.

आषाढात मंगाईची यात्रा झाली, घरात वीसेक पाहुणे आणि मटण. मी सगळं खाल्लं, अजिबात अपराधी वाटून न घेता, दुसऱ्या दिवशी परत आपली वाटी. यात्रा वर्षातून एकदा असते, चहा दिवसाला सहा वेळा होता.

मे महिन्यात परत तपासलं तर ५.८. त्याच्या आधी परत तपासून उपयोग नसतो कारण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून मध्ये घाई करू नका. दिवाळीनंतर ५.९ आलं, थोडं वाढलं, फराळ आणि ब्लाउजांची घाई, मला माहितीये कुठे सुटलं ते. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी माझं वाचून गोळी बंद करू नका हं, मला गोळी नव्हतीच. २०२३ साली आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास आला होता त्यात देशात १३.६ कोटी लोक ह्या मधल्या पट्ट्यात आहेत असा अंदाज दिलाय, त्यामुळे चाळिशी झाली असेल तर एकदा तपासून घ्याच, घरात कुणाला शुगर असेल तर त्याच्या आधीच.

झोपेचं मात्र अजून जमलेलं नाही. लगीनसराईत रात्री एक एक वाजेपर्यंत मशीन चालतं, आणि जागरण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोड खावंसं वाटतं, हे मी वहीत तीनदा लिहिलंय. ह्या वर्षी महिन्याला ४० च्या वर ब्लाउज घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. काल दोघींना नाही म्हणून सांगितलं, एक जरा रागावून गेली.