काचेची छत्री

बागेतलं काचघर म्हटलं की दमट उकाडा, केळीची पानं, ऑर्किड आणि आत शिरताक्षणी चष्म्यावर साचणारी वाफ डोळ्यांपुढे येते. एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधलं अल्पाइन हाउस मात्र वेगळंच. बाहेर जेवढा गारठा तेवढाच आत. झडपा सताड उघड्या आणि हीटर कुठेच नाही. मग एवढी काच कशासाठी? पावसासाठी. ते घर नाहीच, छत्री आहे.

डोंगरावर मोठी झाडं जिथे संपतात ती वृक्षरेषा, आणि तिच्या वर जे काही उगवतं ते अल्पाइन. आल्प्समध्ये ही रेषा साधारण 2000 मीटरच्या आसपास येते, हिमालयात बरीच वर सरकते. तिथली झाडं थंडीने मरत नाहीत. हिवाळा ती बर्फाच्या गोधडीखाली काढतात. वर वाऱ्याने उणे वीस होवो, गोधडीखाली तापमान शून्याच्या जवळपास टिकून असतं. आत अंधार आणि कोरडी, गाढ झोप. पाणी भरपूर, पण गोठलेलं, म्हणजे नसल्यासारखंच. एडिंबराच्या हिवाळ्यात बर्फ पडला तरी टिकत नाही. चार-पाच अंशांवर दिवसचे दिवस रिपरिप चालते. थंडीला न घाबरणारं झाड या ओलीने मानेपाशी, म्हणजे माती आणि खोड मिळतात तिथे, सडायला लागतं. पानांवर लव असेल तर आणखीच वाईट. उन्हापासून वाचवणारी तीच लव पाणी धरून ठेवते आणि बुरशीला आमंत्रण देते.

म्हणून इथल्या माळ्यांची निम्मी हुशारी पाणी घालण्यात नसून पाणी टाळण्यात आहे. कुंड्या मातीच्या, आणि काठापर्यंत वाळूत पुरलेल्या. पाणी झाडाला न घालता भोवतीच्या वाळूला द्यायचं. माठ पाझरतो त्याच गुणाने, फक्त उलट्या दिशेने, कुंडी वाळूतली ओल लागेल तेवढी आत ओढते. वाळूमुळे मुळं उन्हाळ्यात तापत नाहीत आणि हिवाळ्यात एकदम गोठतही नाहीत. कुंडीतल्या मिश्रणाला माती म्हणायला जीभ रेटत नाही: एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि दोन भाग बारीक खडी हे ढोबळ प्रमाण. वर पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर खडीचा थर, म्हणजे झाडाची मान कोरडी राहते. आपल्याकडचा शेणखताचा हात इथे आखडताच ठेवावा लागतो. खाऊन-पिऊन सुखी झालेलं अल्पाइन झाड उंच, लुळं, हिरवंगार वाढतं, फुलायचं विसरतं आणि पहिल्या ओल्या हिवाळ्यात जातं.

सगळ्यात नाजूक प्रकरण डायोनिसियाचं. इराण-अफगाणिस्तानच्या कड्यांवर, पुढे आलेल्या खडकांच्या आडोशाला वाढणारी ही झाडं. कित्येकांच्या अंगावर पावसाचा थेंब पडतच नाही. पेरूएवढी घट्ट, गोल उशी आणि वसंतात तिच्यावर पान दिसू नये इतकी पिवळी किंवा गुलाबी फुलं. एकेक पाकळी सुकली की ती चिमट्याने काढावी लागते, कारण एका कुजक्या पाकळीची बुरशी शेजारच्या पानांच्या गुच्छात शिरते आणि मग उशीवर तपकिरी डाग पसरत जातो. वसंतातल्या गारठ्यात माळी हातात चिमटा घेऊन कुंडीवर वाकलेला असणं हा इथे कामाचाच भाग.

काही जाती कुंडीतही रमत नाहीत. त्यांच्यासाठी 2013 साली बागेत वेगळं टूफा हाउस उभं राहिलं. टूफा म्हणजे चुनखडीच्या पाण्याच्या झऱ्यांनी साचवलेला सच्छिद्र दगड. हलका, स्पंजसारखा पाणी शोषणारा. त्याला तिरपं, खाली उतरत जाणारं, बोटभर खोल भोक पाडायचं, त्यात रोपाचं मूळ सरळ सोडायचं आणि टूफाचाच भुगा ठासायचा. रोप लहानच हवं, मोठ्याची मुळं वाकतात आणि ते सुकतं. पहिले काही आठवडे दगड ओला ठेवला की मूळ स्वतःच आत शिरतं. उभ्या भिंतीवर पाणी साचण्याचा प्रश्नच येत नाही.

बाहेरचं रॉक गार्डन ऐसपैस आहे, पण ते बघायची पद्धत शिकावी लागते. आपल्याला बाग लांबून, फोटोत मावेल अशी बघायची सवय. इथे लांबून दिसतात नुसते धोंडे. गुडघ्यावर बसा. सायलीन अकॉलिसची उशी हाताच्या पंजाएवढी असेल, पण डोंगरावर तेवढी व्हायला तिला काही दशकं लागतात. त्या गोलाईवरून वारा घसरून जातो, आतली हवा हलत नाही आणि उन्हात उशीचं पोट बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उबदार राहतं. खाली मूळ वरच्या झाडाच्या कित्येक पट खोल गेलेलं असतं. बोटाने दाबून बघायचा मोह होतो, तो आवरावा. दबलेली उशी पुन्हा फुगत नाही.

कास पठार पाहिलेल्यांना इथे ओळखीचं काहीतरी जाणवेल. सड्यावरही माती वीतभर नाही, वारा तसाच. पण हिशेब वेगळा. कासची बरीच झाडं एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. काही कंद होऊन झोपतात. आल्प्सच्या माथ्यावर उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा आणि तोही गार. बीपासून बीपर्यंतचा प्रवास तेवढ्यात होत नाही, म्हणून वर्षायू झाडं तिथे फार थोडी. बाकीची सगळी चिवट म्हातारी.

एडेलवाइसपुढे गर्दी हमखास. तिच्या पांढऱ्या मखमली पाकळ्या खरं तर पानं आहेत, फुलं म्हणजे मधले बारीक पिवळट ठिपके. सखल बागेत, सुपीक मातीत ती हिरवट आणि लांबुडकी होते, मग लोक म्हणतात, हीच का ती? युरोपच्या सहलीतली चिल्लर घरी उरली असेल तर तपासा. ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर ती अगदी फाकडी दिसते. एक सेंटवर जेन्शियन आहे आणि पाचवर प्रिम्युला.

एडेलवाइसच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातलं हिमालयातलं ब्रह्मकमळ. त्याच्याही फिकट, पारदर्शक पाकळ्या म्हणजे पानंच. आतली जांभळी फुलं झाकून त्यांनी स्वतःपुरतं काचघर केलेलं असतं. आपल्या गच्चीत पावसाळ्यातल्या रात्री उमलतं आणि ज्याचे फोटो गावभर फिरतात, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. नाव आपण उसनं दिलेलं.

आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर रॉक गार्डन भरात असतं आणि महिनाअखेरीस हिमालयातली निळी पॉपी उघडायला लागते. अल्पाइन हाउससाठी मार्च-एप्रिल बरा. फुलावर आलेल्या कुंड्या मागच्या बाजूने आणून मांडतात आणि फूल ओसरलं की उचलतात, त्यामुळे आठवड्याने गेलात तर देखावा बदललेला. दसऱ्याच्या सुमाराला गेलात तर चीनमधून आलेली शरदातली गडद निळी जेन्शियन बघा, पण ऊन असताना. ढग आला की ती मिटते. प्रवेशाला तिकीट नाही. भिंग मात्र बरोबर असू द्या. आणि पाट्या वाचा: आठ आकडी क्रमांकातले पहिले चार आकडे म्हणजे ते झाड बागेच्या नोंदीत आलं ते साल.

दुकानातून बियांचं पाकीट उचलण्याआधी थांबा. परवान्याची आणि रोगमुक्त प्रमाणपत्राची भानगड आहेच. ती सोडली तरी बी ओल्या वाळूत घालून चार-सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं तर पुण्या-नाशकात डिसेंबरात उगवेलही. मारतात त्या मार्चनंतरच्या गरम रात्री. दिवसभर कमावलेली साखर रोप रात्रीच्या श्वसनात उडवून टाकतं, शिल्लक काही पडत नाही. उरलंसुरलं जूनचा पाऊस नेतो.

उलट दिशेचा एक प्रवास मात्र नीट पार पडला आहे. पुण्याजवळच्या दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती. तिचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर. त्याने 1847 ते 1850 च्या दरम्यान एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास भरणारी ती चित्रं आज एडिंबराच्या याच बागेच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. चित्रं कागदावरची, त्यामुळे अल्पाइनसारखीच त्यांनाही थंडी चालते, ओल चालत नाही. बघायची असतील तर निघण्याआधी ग्रंथालयाला पत्र टाकावं.