पामीरला जायचे तर पश्चिमेकडून

ताजिकिस्तानचा नकाशा उघडला की पूर्वेकडचा मोठा भाग जवळजवळ कोरा दिसतो. हा गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांत, म्हणजे पामीरच्या उंच डोंगररांगांचा प्रदेश. देशाचे सुमारे 45 टक्के क्षेत्रफळ या एका प्रांतात आहे आणि वस्ती मात्र नद्यांच्या काठाने कशीबशी टिकून आहे. त्यातून जाणारा एम-41, म्हणजेच पामीर महामार्ग, एका टोकाला दुशान्बे आणि दुसऱ्या टोकाला किर्गिझस्तानातले ओश यांना जोडतो. हा रस्ता कोणत्या टोकाने सुरू करायचा, या एका प्रश्नावर आमचा बेत कित्येक आठवडे अडून राहिला होता. 2019 च्या उन्हाळ्यात तो प्रवास करून आल्यापासून माझे मत पक्के झाले आहे की पामीरच्या बेतात याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही.

आम्ही चौकशी केली तेव्हा एका पर्यटन कंपनीने ओशपासून सुरू होणारा झटपट कार्यक्रम पाठवला होता. कागदावर तो अतिशय नेटका दिसत होता. मात्र त्यातल्या मुक्कामांच्या नावांपुढे मी उंची लिहीत गेले तेव्हा काळजी वाटू लागली. ओश सुमारे 1,000 मीटरवर आहे आणि दुसऱ्याच रात्रीचा मुक्काम काराकुलला, 3,900 मीटरच्या आसपास होता. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढू नये, हा हिमालयात जाणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असलेला नियम त्या कार्यक्रमात कुठेच पाळलेला नव्हता. त्याबद्दल विचारल्यावर ‘तुम्ही ट्रेकर आहात, तुम्हाला काही होणार नाही’ असे उत्तर मिळाले. सह्याद्रीत वर्षानुवर्षे चढणारी माणसे या वाक्याने सुखावतात, म्हणून ते जास्त धोक्याचे आहे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. तिथे कमावलेला दम चढणीला उपयोगी पडतो, पण विरळ हवेशी शरीराने जुळवून घेण्याला वेळच द्यावा लागतो.

म्हणून आम्ही दुबईमार्गे दुशान्बेला उतरलो आणि पश्चिमेकडून निघालो. कलाई-खुंब साधारण 1,200 मीटर, खोरोग 2,100, इश्काशिम 2,500 आणि वाखान खोऱ्याच्या टोकाचे लंगर गाव 2,900 मीटरच्या आतबाहेर, अशी ही वाट आपसूकच बेताबेताने चढते. गोर्नो-बदख्शानसाठी वेगळा परवाना लागतो. आम्ही तो ई-व्हिसाच्या अर्जातच मागून घेतला होता. परवान्याच्या आणि पासपोर्टच्या भरपूर छायाप्रती जवळ ठेवाव्यात, कारण वाटेतल्या चौक्यांवर प्रत्येक ठिकाणी नोंद होते आणि प्रत दिली की सुटका लवकर होते.

कलाई-खुंबपासून पुढे पंज नदी सोबत असते आणि नदीपलीकडे अफगाणिस्तान. खोरोगपर्यंतचा तो सगळा दिवस जीपमध्ये धूळ खाण्यात गेला, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लंगरबद्दल मात्र लिहायलाच हवे. पामीर आणि वाखान या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि त्यांची पंज होते. समोर हिंदुकुशाची बर्फाळ रांग उभी असते आणि तिच्यामागे पाकिस्तानातले चित्राल. ब्रिटिश हिंदुस्थान आणि रशियाचे साम्राज्य एकमेकांना भिडू नयेत म्हणून 1895 साली मध्ये ठेवलेली अफगाण भूमीची अरुंद पट्टी ती हीच, नदीपलीकडची. गावात आम्ही ज्या घरी उतरलो ते जुन्या पद्धतीचे पामिरी घर होते. आत पाच लाकडी खांब, भिंतींलगत बसायचे-झोपायचे उंच ओटे, त्यांवर जाड गाद्या आणि छताच्या मधोमध एकात एक बसवलेल्या चार चौकटींचा झरोका. हे खांब महंमद पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांचे मानतात आणि चार चौकटी पृथ्वी, जल, वायू व अग्नी यांच्या. खोरोगला शिकणारी आणि सुट्टीसाठी घरी आलेली नात हे सगळे इंग्रजीतून आम्हाला सांगत होती. चूल आजींच्या ताब्यात होती.

आमचा तिथला एक जादा मुक्काम मुद्दाम राखून ठेवलेला होता, कारण लंगरनंतर या वाटेवरही उंचीची मोठी उडी आहे. खारगुश खिंड 4,344 मीटरवर आहे आणि पलीकडचे अलिचुर 3,900 च्या जवळ. त्या दिवशी आम्ही गावामागच्या कड्यावर, खडकांत कोरलेली जुनी चित्रे पाहायला चढलो आणि दुपारी खाली आलो. दिवसा वर चढून रात्री खाली झोपणे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

अंधार पडल्यावर पूर्वेकडून एक गट आला. ओशहून निघालेला, तंतोतंत आम्हाला पाठवला होता तसाच कार्यक्रम घेऊन. त्यांच्यातल्या एका तरुणाला काराकुलपासून डोकेदुखी आणि उलट्या सुरू होत्या, आणि तरीही ठरलेल्या मुक्कामांत कोणताही बदल न करता त्याला अलिचुरहून इथवर आणले होते. तो ओट्यावर आडवा झाला तो बूटही न काढता. आजी उठल्या, त्यांनी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, पायांवर गोधडी घातली आणि त्याच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली. मग त्यांनी शीर चाय केला. चहात दूध, मीठ आणि लोणी घालून तो उकळतात आणि त्यात रोटीचे तुकडे कुस्करून खातात. आजींनी वाडग्यातली रोटी बाजूला केली आणि नुसता चहा चमच्याने, थोडा थोडा, थांबत थांबत त्याला पाजला. कोणाला काही विचारले नाही, कोणाला बोल लावला नाही. तास-दीड तासाने तो उठून बसला. लंगर त्यांच्या आधीच्या मुक्कामांपेक्षा हजारेक मीटर खाली होते, त्याचाही यात मोठा वाटा असणार.

पहाटे त्यांची गाडी सुरू झाली. नात मला म्हणाली की आजी त्यांना ‘आजचा दिवस इथे राहा, पैसे देऊ नका’ असे सांगते आहे. गटप्रमुखाने घड्याळ दाखवले आणि खोरोगचे आरक्षण असल्याचे सांगितले. त्या क्षणी मला आलेला राग अजून गेलेला नाही. परक्या मुलासाठी एक म्हातारी बाई आपले घर मोकळे करून देते आणि आपण तिच्यापुढे आरक्षणाचा कागद धरतो, हे माझ्या मनाला फार लागले. असे कार्यक्रम आखणारे आणि विकणारे त्या ओट्यावर एक रात्र जागले तर बरे होईल.

आम्ही दुसऱ्या दिवशी खारगुश ओलांडली आणि अलिचुरला न थांबता थेट मुर्गाबला, म्हणजे 3,600 मीटरवर, उतरून राहिलो. तिथला बाजार जुन्या मालवाहू कंटेनरांमध्ये भरतो, विजेचा भरवसा नसतो आणि झाडे जवळजवळ नाहीतच. पुरेशी विश्रांती घेतल्यावर 4,655 मीटरची अक-बैताल खिंड आम्ही सर्वांनी डोके न दुखता पार केली.

शाकाहाराची चिंता आम्हाला निघण्यापूर्वी फार होती. दुशान्बेत कुरुतोब मिळते. वाळवलेल्या दह्याचे गोळे पाण्यात विरघळवून ते पापुद्र्याच्या रोटीवर ओततात आणि वरून कांदा, टोमॅटो, हिरवा पाला घालतात. ते आम्हाला इतके आवडले की दोन्ही वेळा तेच मागवत होतो. वर गेल्यावर मात्र रोटी, अंडी आणि बटाटे यांच्यावरच निभवावे लागते. पामिरी घरातली माणसे आपल्यासाठी वेगळे शिजवायला तयार असतात, तरी त्यांच्याकडे भाजी दुर्मीळ आहे हे लक्षात ठेवून मागावे.

आता पामीरमधल्याच बार्तांग नदीच्या खोऱ्याचा बेत सुरू आहे. 1911 च्या भूकंपात डोंगर कोसळून नदी अडली आणि सारेझ सरोवर तयार झाले, ते याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. ऐन उन्हाळ्यात बर्फ वितळून बार्तांग फुगते आणि रस्ता जागोजागी वाहून जातो, म्हणून सप्टेंबर धरला आहे. सुरुवात रुशानपासून, पुन्हा पश्चिमेकडूनच. सारेझसाठी लागणारी स्वतंत्र परवानगी हातात येईपर्यंत विमानाची तिकिटे काढायची नाहीत, असे ठरले आहे.