साक्षीदार 'अ'

पुण्याच्या एका उपनगरात, वस्तीच्या तोंडाशी माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. आमच्याच गल्लीतला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण मारामारी, कोयता बाळगणे, दुकानदारांकडे हप्ता मागणे अशा गुन्ह्यांत वरचेवर आत जाई आणि जामिनावर सुटून परत येई. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची आणि फिर्यादीच्या वाटेला जायचे नाही, अशा अटी जामिनाच्या आदेशात असत. रविवारची हजेरी तो सहसा चुकवत नसे; आमची तक्रार उरलेल्या सहा दिवसांबद्दल होती.

2022 च्या मार्चमध्ये तो पुन्हा सुटला आणि त्याच आठवड्यात त्याने माझ्या गल्ल्यातून पाचशेच्या दोन नोटा काढून नेल्या. कोयता त्याने उपसला नाही, शर्ट वर करून नुसती मूठ दाखवली. मी फिर्याद दिली नाही. हे लिहिताना आजही कमीपणा वाटतो, पण फिर्यादीत नाव-पत्ता असतो आणि आरोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, हे झेरॉक्सवाल्याला कोणी सांगावे लागत नाही.

त्याऐवजी आम्ही एकवीस रहिवाशांनी मिळून अर्ज केला. पहिल्या दिवशी अर्ज ठेवून घेतला गेला, पण पोच मिळाली नाही; दुसऱ्या दिवशी दुसरी प्रत घेऊन गेलो आणि आवक शिक्का उमटेपर्यंत बाकावरून हललो नाही. (तो कागद मी आजही लॅमिनेट करून ठेवला आहे.) नंतर एका अधिकाऱ्यांनी आम्हाला बसवून नीट समजावले की, चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेणारी चॅप्टर केस हा एक मार्ग आहे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 56 खालची तडीपारी हा दुसरा. भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, हे तडीपारीच्या प्रस्तावात दाखवावे लागते आणि त्यासाठी इन कॅमेरा, म्हणजे गोपनीय, जबाब लागतात. एकवीस सह्यांपैकी असा जबाब द्यायला आम्ही दोघेच तयार झालो.

जबाब घेणाऱ्या हवालदारांना मी विनंती केली की, मला ओळखता येईल असे काहीही त्यात लिहू नका. त्यांनी ती इतकी मनापासून पाळली की दुकान, वार, तारीख सगळे गळाले आणि 'सदर इसमाने धाक दाखवून रक्कम काढून घेतली' एवढेच उरले. पुढे सहायक पोलीस आयुक्तांनी स्वतः बोलावून, हा जबाब तुमचाच ना, कोणाचे दडपण नाही ना, एवढे विचारून पडताळणी केली.

पाच-सहा आठवड्यांनी त्या मुलाची आई दुकानात आली. "भाऊ, याच्या दोन-दोन कॉपी काढा," म्हणून तिने काचेवर ठेवलेले कागद म्हणजे कलम 59 ची नोटीस होती. आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवून म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तडीपार करता येत नाही. तिसऱ्या पानावर साक्षीदार 'अ' होता. माझेच वाक्य मशीनच्या प्रकाशाखालून चार वेळा गेले, कारण पहिल्या दोन प्रती हात हलल्यामुळे तिरक्या आल्या. ती म्हणाली, "वकील म्हणतात, यात ना तारीख ना जागा, मग उत्तर तरी कशाचं द्यायचं?" वकिलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. तारीख असती तर तिने माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते, आणि तारीख नव्हती म्हणून तिच्या मुलाला उत्तर देता येत नव्हते. तिने मोजून सुटे पैसे दिले आणि मी ते घेतले.

सुनावणीनंतर पोलीस उपायुक्तांनी त्याला पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हद्दीतून एका वर्षासाठी तडीपार केले. कायद्यात कमाल मुदत दोन वर्षांची आहे. गल्लीत काहींना एक वर्ष फारच कमी वाटले. पण जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत स्पष्ट केले होते की, तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षे द्यायची तर त्याची कारणे आदेशात दिसली पाहिजेत. माझा जबाब किती मोघम होता हे ठाऊक असल्याने मी त्या चर्चेत पडलो नाही.

तो साताऱ्याला मावशीकडे राहिला, म्हणजे आमची काळजी वर्षभरासाठी साताऱ्याला गेली. गणपतीत एका रात्री तो गल्लीत दिसला. कोणी तरी 112 वर फोन केला, गाडी आली, तोवर तो निघून गेला होता. फोन कोणी केला याची चौकशी दुसऱ्या दिवशी त्याचे मित्र करत फिरले.

मुदत संपल्यावर तो परतला. 2024 मध्ये एका भांडणानंतर त्याच्यावर चॅप्टर केस झाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 129 खाली, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे 110 होते. जामीनदाराच्या आधार कार्डाची प्रत काढायला तो माझ्याकडेच आला. 'दोन्ही बाजू एकाच पानावर घ्या,' म्हणाला. बॉण्ड पाळला जातो की नाही, हे ज्यांच्या डोळ्यांना आधी दिसणार ते आम्हीच आहोत, आणि ते सांगायचे झाले तर पुन्हा जबाब द्यावा लागेल. त्या एकवीस जणांपैकी सहा जण आता घर बदलून गेले आहेत. साक्षीदार 'ब' त्यांतलाच एक.