माडांनी खाल्लेली मेमरी

आचऱ्याच्या एका चाकरमानी काकांच्या घराचं थ्रीडी करत होतो. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे माड-पोफळीची बाग. काका गणपतीला गावी यायच्या आत चित्र हवं होतं. ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला, म्हणजे मॉडेलचं पक्कं चित्र काढायला लावलं, तर मेमरी संपली म्हणून तो बंद. झाडं काढल्यावर चालला. ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर काकांचं उत्तर, "माजे माड खंय गेले रे?"

जुन्या लॅपटॉपात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड होतं, स्वतःच्या ४ जीबी मेमरीचं. चिऱ्याच्या भिंतीचा फोटो मी हौसेने ८के मध्ये (दोन्ही बाजूंना आठ हजारांवर ठिपके) काढून लावला होता. डिस्कवर तो काही एमबीचाच, पण कार्डाच्या मेमरीत उलगडला की २५६ एमबी! तोच ४के ला उतरवला तर ६४. असे फोटो कौलांना, जमिनीला, दाराच्या लाकडालाही होते. वर प्रत्येक माडाला शेकडो पाती आणि मी माड सुटा सुटा कॉपी केलेला. एकच माड ठेवून बाकीचे त्याच्या लिंक केलेल्या प्रती केल्या असत्या, तर मेमरीत एकाच माडाचं ओझं पडलं असतं. हे मला नवीन लॅपटॉप घेतल्यावर कळलं, हा भाग वेगळा.

तर लॅपटॉप घ्यायला फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो. जाताना डोक्यात 'क्वाड्रो', म्हणजे एनव्हिडियाचं व्यावसायिक कामाचं कार्ड, पक्कं बसलेलं. आपण डिझाइनवाले, तर कार्ड प्रोफेशनलच हवं, असं मला कॉलेजपासून वाटत आलंय. (ते नाव एनव्हिडियाने २०२० पासून नव्या कार्डांवरून काढायला घेतलं, त्यानंतर नुसतं आरटीएक्स ए२००० वगैरे नावं आली.) वाटेत कुडाळ एमआयडीसीतल्या मित्राला फोन केला. तो सॉलिडवर्क्सवर मशीनचे भाग काढतो. त्याच्याकडे असंच प्रोफेशनल, म्हणजे वर्कस्टेशन कार्ड आहे आणि त्याला ते लागतंच, कारण त्या सॉफ्टवेअरची प्रमाणित कार्डांची यादी असते आणि रिअलव्ह्यू (मॉडेल काम करतानाच खऱ्यासारखं दाखवायची सोय) अधिकृतपणे त्यांच्यावरच चालतं. त्याने मला एकच विचारलं, "तुझे तास कशात जातात?"

ऑटोकॅडमध्ये टूडी प्लॅन, स्केचअपमध्ये थ्रीडी मॉडेल आणि रात्री ब्लेंडरचे रेंडर. प्लॅनचा बराचसा भार प्रोसेसरवर. रेंडरला मात्र कार्डाची ताकद आणि मेमरी लागते, प्रमाणपत्र नाही. त्याच पैशात वर्कस्टेशनमध्ये मला कमी ताकदीचं कार्ड मिळत होतं. क्वाड्रो तिथेच सुटलं.

दुकानदार आरटीएक्स ४०७० च्या मागे लागला होता. पण लॅपटॉपमधल्या ४०६० (एक पायरी खालचं) आणि ४०७० दोन्हींना मेमरी ८ जीबीच. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ असते. नाव तेच, कार्ड दुसरं. माझं दुखणं मेमरीचं, मग वरचे पैसे कशाला? ४०६० घेतलं. तेही वॉट बघून. हेच कार्ड कंपन्या ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊन विकतात आणि खोक्यावर आकडा दिसेलच असं नाही. बारीक, सुबक लॅपटॉप बघून भुललो असतो तर कार्डाचा जीव निम्मा झाला असता. माझा जाड आहे आणि पंखा पंपासारखा ओरडतो. बायको म्हणते, विहिरीवर लाव. शिवाय बॅटरीवर कार्ड हात आखडतं, त्यामुळे पावसाळ्यात लाइट गेली की रेंडर इन्व्हर्टर असेल तरच.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) गेमचा न टाकता स्टुडिओचा टाकला. वेग फार बदलत नाही, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तपासलेला असतो आणि दर पंधरवड्याला अपडेटचा तगादा नसतो.

सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट नंतर कळली. जुन्या लॅपटॉपवर स्केचअप दोन वर्षं प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालत होतं! कार्ड बाजूला झोपलेलं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली प्रत्येक सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' निवडता येतं, एवढंच करायचं होतं. मी मात्र मॉडेल अडकलं की दमट हवेला शिव्या घालायचो.

ती सेटिंग बदलून जुना लॅपटॉप आता माझ्या मदतनिसाला दिलाय. त्याचे ऑटोकॅडचे प्लॅन त्यावर झकास होतात. काकांच्या घराला नव्यावर अठरा माड लावले, सगळे एकाच माडाच्या प्रती. काकांनी चित्र मोठं करून बघितलं आणि फोन केला, "सगळे माड एकाच बाजूक वाकलेले कशे?"