मराठी शाळेत कोरकू कशाला?

बदलीवर आलेले सहकारी विचारतात, सुट्टीत घरी गेले की नातेवाईक विचारतात. पालकसभेत तर पालक स्पष्टच म्हणतात, "बाई, कोरकू पोरांना घरीच येते. तुम्ही मराठी शिकवा." १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या शाळेत मराठी पुस्तकांच्या बरोबरीने कोरकू, म्हणजे मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतल्या, गोष्टी वाचतात, त्यावरून हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते. वर्गात बहुतेक मुलं कोरकू, काही गवळी, एक-दोन गोंड. गवळ्यांची बोली निदान मराठी कानाला ओळखीची वाटते. कोरकूचं तसं नाही. ती मुंडा भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथाळी-मुंडारी भाषांची बहीण. मराठीशी तिचं नातंच नाही. म्हणजे आमच्या पहिलीतल्या लेकराला एकाच वेळी नवी अक्षरंही शिकायची आणि नवी भाषाही.

हे मला समजायला एक वर्ष गेलं. एका मुलाच्या नावापुढे मी नोंदवहीत 'अबोल' असं लिहिलं होतं. चित्रातल्या नदीवर बोट ठेवून रोज विचारायचे, "हे काय आहे?" तो खाली मान घालून बसायचा. एकदा मधल्या सुट्टीत तोच मुलगा हापशीवरून बहिणीला मोठ्यांदा हाका मारत होता, "डा! डा!" डा म्हणजे पाणी. चित्र त्याला कळत होतं, शब्दही त्याच्यापाशी होता. तो शब्द शाळेत चालतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं.

पालकांचं म्हणणं मी कधी उडवून लावत नाही. मराठी आली नाही तर पुढे तालुक्याला, कचेरीत, दवाखान्यात अडतं, हे त्यांनी भोगलेलं आहे. मराठी यायलाच हवी. पण गोष्टीत काय घडतंय हे कोरकूतून आधीच माहीत असलं, तर मूल अनोळखी मराठी शब्दाचा अर्थ अंदाजाने पकडतं. अर्थच लागत नसेल तर ते नुसती अक्षरं घोकतं, आणि त्याला आपण वाचन म्हणतो. राज्यघटनेतही ३५०क हे कलम १९५६ पासून आहे: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी.

छापील कोरकू पुस्तकं आमच्याकडे फार नव्हती, म्हणून आम्ही ती घरी बनवली. पाठकोरे कागद, मध्ये जाड दोऱ्याची शिवण. होळीला मेळघाटातलं माणूस कामाधंद्याला कुठेही गेलेलं असो, गावी परततंच. त्या दिवसांत मुलं आजी-आजोबांकडून गोष्टी ऐकून येतात. वरच्या वर्गातली मुलं त्या देवनागरीत लिहितात: पानाच्या वरच्या अर्ध्या भागात कोरकू, खाली मराठी. गवळी मुलांनी म्हशींची गाणी आणली, तीही तशीच शिवली. आता वाचनकोपऱ्यात सगळ्यात आधी फाटतात ती हीच पुस्तकं, आणि मला त्याचा आनंद होतो.

गेल्या वाचनदिनाला तिसरीतल्या एका मुलीने तिच्याच आजीने सांगितलेली वाघाची, म्हणजे 'कुला'ची, गोष्ट वाचायला घेतली. आजी पहिल्या रांगेत बसली होती. तिला अक्षर येत नाही. दुसऱ्या पानावर आजीने हात वर करून नातीला थांबवलं आणि कोरकूत काहीतरी सांगितलं. मुलगी माझ्याकडे वळली. "बाई, आजी म्हणते वाघ नदीवरून नाही, डोंगरावरून आला होता." मी खोडरबर पुढे केलं. सगळे थांबले होते. तिने ते वाक्य खोडलं, जिभेचं टोक बाहेर काढून नवं लिहिलं, आणि आजीकडे बघत पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.