ग्वाटेमाला: माया मुलखाचा बेत आखताना

माया संस्कृती म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मेक्सिकोतलं चिचेन इत्झा आठवतं. मग कानकुनचं रिसॉर्ट, तिथून एका दिवसाची बस, असा बेत ठरतो. जरा हौशी मंडळी मेक्सिको, बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरास अशी चार देशांची माळ ओवतात आणि निम्मी सुट्टी सीमेवरच्या रांगांमध्ये घालवतात. हातात दोन आठवडे असतील तर आमचं मत सरळ आहे: एकटा ग्वाटेमाला धरा. २०१८ च्या जनगणनेत इथल्या जवळपास ४२ टक्के लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली. उत्तरेला पेतेनच्या जंगलात जुनी शहरं आहेत, तर पश्चिमेच्या डोंगराळ भागात आजची माया गावं, त्यांचे बाजार आणि त्यांची देवस्थानं. दोन्ही बघितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

आधी कागदपत्रं, कारण बेत फसतो तो इथेच. भारतीय पासपोर्टवर ग्वाटेमालाचा व्हिसा लागतो. दुसऱ्या देशाच्या चालू व्हिसावर मिळणाऱ्या सवलतींचे नियम बदलत राहतात, म्हणून दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाला ईमेल करून उत्तर लेखी घ्या आणि छापून जवळ ठेवा. तुम्हाला विमानात चढू द्यायचं की नाही हे चेक-इन काउंटरवरचा माणूस ठरवतो, आणि त्याने ग्वाटेमालाला जाणारा भारतीय प्रवासी क्वचितच पाहिलेला असतो. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा हवाच. मेक्सिको सिटीमार्गे जात असाल तर अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्यांना मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही.

पनामा किंवा बोगोटामार्गे येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीचं आधी बघावं. ग्वाटेमालात पीतज्वराचा धोका नाही, पण पनामा आणि कोलंबिया भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. त्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलंत, तर मुंबईत उतरल्यावर पिवळं प्रमाणपत्र मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाच्या आतच थांबलेल्यांना सूट आहे, पण ती देणं आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात असतं. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना हा देश जवळ आहे, ह्यूस्टनहून जेमतेम तीन तास. त्यांच्यासाठी खोच वेगळी आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल, तर नुसत्या मंजुरीच्या कागदावर कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येता येतं. ती सवलत ग्वाटेमालाला लागू नाही. शिक्का संपलेला असताना इथे आलात, तर नवा शिक्का मिळेपर्यंत परतीचं विमान विसरा.

कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही आमची पसंती नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये पेतेनात शेतं जाळतात, हवेत धूर भरतो आणि उंचावरून दिसायचं ते दिसत नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात राजधानीजवळच्या अँटिग्वा शहराच्या रस्त्यांवर रंगीत भुशाचे गालिचे घालतात. ते बघायला जायचं तर खोली कित्येक महिने आधी घ्या, नाहीतर तो आठवडा सरळ टाळा. पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, सकाळी बहुधा उघडीप असते. अडचण पावसाची नाही, दरडींची आहे.

आता मार्ग. इथलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, तासांत मोजायचं. राजधानीतल्या ला आउरोरा विमानतळापासून अँटिग्वा ४० किलोमीटर. सकाळी एक तास, संध्याकाळच्या गर्दीत दोन तासही कमी पडतात. अँटिग्वाहून आतित्लान सरोवराकाठचं पानाहाचेल अडीच-तीन तास. राजधानीहून उत्तरेचं फ्लोरेस रात्रीच्या बसने आठ ते दहा तास, विमानाने एक. त्यात भर म्हणजे आंदोलनं. इथे नाराजी व्यक्त करायची तर महामार्ग अडवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर कित्येक दिवस देशभर रस्ते बंद होते. म्हणून क्रम असा लावा की परतीच्या विमानाआधीचा शेवटचा मोठा टप्पा रस्त्याचा नसेल. आधी अँटिग्वा आणि सरोवर, मग राजधानीत येऊन विमानाने फ्लोरेस, आणि विमानानेच परत. बहुतेक तयार सहली नेमक्या उलट्या असतात: फ्लोरेसजवळचं टिकाल हे जुनं माया शहर आधी उरकतात, आणि सरोवराकाठून निघून त्याच दिवशी घरचं विमान गाठायला लावतात. वाटेत एक दरड पडली तरी तिकीट बुडालं.

दुसरा खुंटा वाराचा. चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारीच भरतो. तुमचा अँटिग्वाहून सरोवराकडे जायचा दिवस यातला एक आला पाहिजे. बाकीच्या तारखा त्याच्या मागेपुढे बसवा. बाजारातल्या सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपाल धूप जळत असतो, आत जमिनीवर मेणबत्त्या आणि फुलांच्या पाकळ्या मांडून प्रार्थना चालू असतात. हे चर्च सोळाव्या शतकातलं, जुन्या माया देवस्थानाच्या चौथऱ्यावर बांधलेलं. पुढच्या पायऱ्या पूजा करणाऱ्यांसाठी, पाहुण्यांनी बाजूच्या दाराने जायचं. आत फोटो काढायचे नाहीत, आणि हा नियम सगळे गंभीरपणे घेतात.

वेगळी गाडी केली असेल तर तेकपानजवळ वाट वाकडी करून इशिमचे बघा. ही काकचिकेल लोकांची राजधानी. १५२४ मध्ये स्पॅनिशांनी आपलं इथलं पहिलं ठाणं तिच्याच शेजारी मांडलं. अवशेष बुटके आहेत, टिकालची भव्यता इथे नाही. पण अगदी मागच्या टोकाला झाडांखाली वेद्या आहेत आणि तिथे आजही होम चालतात. होम चालू असेल तर लांब उभं राहावं आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा.

सरोवर १५६० मीटर उंचीवर आहे, तीन ज्वालामुखींच्या मध्ये. काठच्या गावांना जायला लांचा, म्हणजे सार्वजनिक मोटारबोटी. सकाळी पाणी काचेसारखं सपाट असतं. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि बोट लाटांवर आपटायला लागते. पुढच्या बाकावर बसलात तर दर आपटीला कण्यात कळ जाते. मागे, इंजिनाजवळ बसा. बॅग पुढच्या टोकावर ठेवतात आणि ती हमखास भिजते, म्हणून आत प्लास्टिकची मोठी पिशवी घाला. शेवटची बोट पाचच्या सुमारास. त्यानंतर खासगी बोटवाला सांगेल तो भाव. सान हुआन ला लागुनाला बायकांच्या विणकाम सहकारी संस्था आहेत. कमरेला पट्टा बांधून चालवायचा माग, कोचिनिल किड्याचा लाल रंग, नीळ, सालींचे रंग, सगळं समोर करून दाखवतात. हाताने विणलेल्या हुइपिलला, म्हणजे माया बायकांच्या पारंपरिक झब्ब्याला, काही आठवडे ते काही महिने लागतात. तिथे क्रॉफर्ड मार्केटची घासाघीस करू नये.

अँटिग्वाहून आकातेनांगो हा ज्वालामुखी चढायचा मोह होतो, कारण रात्री समोरचा फुएगो ज्वालामुखी पेटलेला दिसतो. आकातेनांगोचं शिखर ३९७६ मीटरवर आहे. अँटिग्वात किमान दोन रात्री काढल्याशिवाय चढू नका, आणि रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो हे धरून कपडे घ्या. सिंहगड सहज चढणाऱ्यांचीही इथे विरळ हवेने दमछाक होते.

टिकालला मात्र वेळ द्या. फ्लोरेसहून ६५ किलोमीटर, दीड तास. जंगलाच्या फाटकापासून अवशेषांपर्यंतच अजून सतरा किलोमीटर आहेत, म्हणून फाटकाशी पोचणं म्हणजे पोचणं नव्हे. परदेशी माणसाला तिकीट १५० केत्सालच्या (इथलं चलन) आसपास, सोबत पासपोर्ट लागतो. ते आधी ऑनलाइन काढलेलं बरं. आत एटीएम नाही. सूर्योदयासाठी वेगळं तिकीट आणि परवानाधारक गाइड लागतो, फ्लोरेसहून पहाटे तीनला निघावं लागतं, आणि बरेचदा धुक्यापलीकडे काही दिसत नाही. त्यातलं खरं सुख कानांचं आहे: हाउलर माकडं ओरडायला लागली की ऐकणाऱ्याला आधी मोठ्या जनावराचाच भास होतो. ते ऐकायला सूर्योदयाचं तिकीट नको. आत मुक्कामाची दोन-तीन ठिकाणं आहेत. तिथे एक रात्र काढा आणि सकाळी सहाला फाटक उघडताच चालायला लागा. दहानंतर बसगाड्या येतात.

चौकातलं पहिलं मंदिर सुमारे ४७ मीटर उंच, त्यावर चढायला बंदी. त्याच्या पोटात हासाव चान काविल या राजाची कबर सापडली. त्याने ६९५ मध्ये कालाकमुल या बलाढ्य शहराचा पराभव करून टिकालचे दिवस पालटवले. त्याच्या मुलाच्या काळातलं चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर, लाकडी जिन्याने वर जाता येतं. तिथल्या दारांवरच्या कोरीव तुळया स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात गेल्या आहेत. या तुळया कशाच्या? चिकूच्या लाकडाच्या. घोलवडच्या बागांत आपण ज्याला फळझाड म्हणतो, तो इथे उंचच उंच रानवृक्ष आहे, आणि लाकूड इतकं टणक की बाराशे वर्षं टिकलं. वाटेवरच्या जुन्या खोडांवर नागमोडी काप दिसतील. च्युइंगगमसाठी चीक काढायचे तेव्हाच्या त्या खुणा आहेत. गाइडला विचारलं तर तो नक्की दाखवतो. माया लोक पवित्र मानतात तो सेइबा म्हणजे आपली पांढरी सावर, तीही याच वाटेवर भेटते.

चुनखडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून खाचांच्या तळव्याचे बूट, पूर्ण बाह्या, डासांचं औषध आणि माणशी दोन लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी याशा या दुसऱ्या जुन्या माया शहराला जा. गर्दी जवळजवळ नाही, आणि सरोवराकडे तोंड असलेल्या मंदिरावरून दिसणारा सूर्यास्त आम्हाला टिकालच्या सूर्योदयापेक्षा सरस वाटतो. त्या सरोवरात मगरी आहेत, पोहायचा विचार नको. एल मिरादोर हे आणखी एक जुनं माया शहर, पण तो जंगलातला पाच-सहा दिवसांचा पायी प्रवास आहे. पहिल्या खेपेला नको. सेमुक चांपे ही पाण्याची नैसर्गिक कुंडंही तशीच: जागा सुंदर, पण जाता-येता दोन दिवस रस्ता खातो.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: इथे ‘मांस नको’ म्हटलं की कोंबडी येते. त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन पोयो’ असं दोन्ही सांगायचं. भातात कोंबडीचा अर्क आणि काळ्या घेवड्याच्या मऊ उसळीत डुकराची चरबी असू शकते, म्हणून ‘सिन काल्दो दे पोयो, सिन मांतेका’ हेही जोडा. तामाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, बहुतेक चरबीतलेच. निर्धास्त खावी ती चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची, हाताने थापलेली तोर्तिया, सोबत अंडी, आवोकाडो आणि कोबानची धुरावलेली तिखट मिरची. नळाचं पाणी पिऊ नका.

भारतात केत्साल मिळत नाहीत, डॉलर न्या. एका डॉलरला साधारण साडेसात ते आठ केत्साल मिळतात. कोपरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट बँकाही परत करतात, म्हणून मुंबईतच नोटा तपासून घ्या. एटीएम बँकेच्या आतलं वापरा, रस्त्यावरचं नको. वीज १२० व्होल्टची आणि चपट्या पिनांची. फोनचा चार्जर चालतो, आपली इलेक्ट्रिक किटली चालत नाही. फ्लोरेसच्या विमानात सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असते. मोठी बॅग राजधानीतल्या हॉटेलात ठेवा, परतल्यावर शेवटची रात्र तिथेच काढा. सकाळचं विमान असेल तर तो मुक्काम अँटिग्वाला हलवू नका.