तुम्ही विचारलंत म्हणून: लोणी कुठे लागलं?

‘शेवटी हा ज्याच्या-त्याच्या आवडीचाच प्रश्न ना?’ हे विचारणाऱ्यांत माझा आत्येभाऊ आहे, ऑफिसातली मंडळी आहेत, मुलीच्या मैत्रिणींचे वडील आहेत (हे जरा जास्तच), आणि गणपतीत आरती झाल्यावर चपला शोधता शोधता विचारणारे खालच्या मजल्यावरचे काकाही आहेत. स्पर्धेत परीक्षक म्हणून बीअरला मार्क देतेस म्हणजे काय करतेस, चढत नाही का, थुंकता का, पैसे मिळतात का, हे सगळं झालं की गाडी इथेच येऊन थांबते.

किरकोळ उत्तरं आधी उरकते. थुंकत नाही. वाइनवाले थुंकतात, आम्ही गिळतो, कारण कडूपणा घशाशी किती वेळ रेंगाळतो तेही बघायचं असतं. ग्लासात दोन-तीन घोटच असतात, त्यामुळे चढत नाही. पैसे मिळत नाहीत, जेवण मिळतं. पिण्याचा परवाना आहे, १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचा, पाकिटात आधारकार्डाच्या मागे.

मोठ्या प्रश्नाला मात्र मी इतकी वर्षं ठणकावून ‘नाही’ म्हणत आले. आता म्हणवत नाही. पण ‘हो’ म्हणायलाही जीभ रेटत नाही, आणि मधलं काहीतरी आरतीनंतर चपला घालताना सांगता येत नाही.

तर रेड एल, बीअरचाच एक प्रकार. हीच का, ते पुढे कळेल. लाल रंगाची बीअर एवढ्यावर भागत नाही. आयरिश पद्धतीची रेड एल सौम्य, ४ ते ५ टक्क्यांची, आधी थोडा टॉफीचा गोडवा आणि शेवटी कोरडी. अमेरिकन पद्धतीची त्याच रंगाची, पण हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडूपणा पुढे काढणारी. आणि बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली रेड एल लाकडी पिंपांत मुरवलेली, चक्क आंबट, थोडी व्हिनेगरची आठवण करून देणारी. फ्लँडर्सचा आंबटपणा आयरिश ग्लासात लागला तर बीअर बिघडली म्हणायची. फ्लँडर्सच्या ग्लासात नाही लागला तर तिला फ्लँडर्स कसं म्हणायचं? म्हणून परीक्षक पहिल्यांदा विचारतो ते एवढंच, की बनवणाऱ्याने कोणत्या नावाखाली पाठवली आहे. पुरणपोळीच्या स्पर्धेत कुणी उत्कृष्ट गूळपोळी आणली, तर ती आपण दोन खाऊ, पण नंबर देणार नाही. आत्येभावाला हे पटतं. मग तो पुन्हा म्हणतो, ‘पण आवडीचाच प्रश्न ना?’

आमचा कागद ५० मार्कांचा असतो. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५, एकूण ठशाला १०. नावातच रंग असलेल्या बीअरला रंग, फेस आणि नितळपणा मिळून ३ मार्क, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. तो तांबूसपणा यायला फार कष्टही नसतात. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट करतात, नाचणीसत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणतो तसंच. त्यात कॅरॅमल माल्ट आणि चिमूटभर करपेपर्यंत भाजलेले जव घातले, की कोरा चहा उजेडात धरल्यावर दिसतो तो रंग येतो. ते करपलेले जवच शेवटचा कोरडेपणाही देतात. जास्त पडले तर रंग छान राहतो आणि तोंडात कोळसा येतो. बघण्यात फसायला होतं, म्हणून आम्ही आधी नाक घालतो.

माझ्या नाकाबद्दल मला गर्व होता हे सांगायला हवं. दिवसा मी मसाल्यांच्या कंपनीत क्वालिटीत आहे. धण्याचं पोतं मागच्या हंगामातलं की यंदाचं, हे मी कागद न बघता सांगते. बीअरमध्येही ओला पुठ्ठा (हवा लागली), उकडलेला मका (उकळी नीट नाही झाली), कच्चं सफरचंद (यीस्टचं काम अर्धवट राहिलं), हे मला इतरांच्या आधी कळायचं आणि ते मी इतरांच्या आधी बोलूनही दाखवायची. तेव्हाची मी तुम्हाला म्हणाली असती, ‘आवड घरी ठेवून यायची. नाक हे उपकरण आहे.’ वाक्य माझंच आहे. एका प्रशिक्षणात फळ्यावरही लिहिलं होतं.

मग ती स्पर्धा झाली. अंधेरीला, सप्टेंबरात, बाहेर पाऊस आणि आत इतका एसी की ग्लासवर धुकं धरत होतं. नियम नेहमीचेच: अत्तर नाही, गजरा नाही, सकाळी कांदा-लसूण नाही, टेबलावर कोरा पाव आणि पाणी. समोर बंगळुरूहून आलेले एक ज्येष्ठ परीक्षक. आम्ही दोघं, आयरिश रेड एल, ११ ग्लास. लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, चेहराही करायचा नाही. चेहरा न करणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, विशेषतः चौथ्या ग्लासाला.

सातवा ग्लास आला आणि मी खूश झाले. बिस्किटाचा वास, पावाच्या कडेचा वास, मागे काकवीसारखं काहीतरी. फेस टिकलेला. घोट घेतला तर गोडवा पुढे येऊन वेळेवर बाजूला झाला, शेवट स्वच्छ, कोरडा. मी ४० दिले. माझ्याकडून ४० म्हणजे खूप, माझ्या मुलीला विचारा.

त्यांनी २४ दिले होते.

आमच्याकडचा रिवाज असा, की दोघांत ७ मार्कांहून जास्त फरक उरला नाही पाहिजे. बोलायचं, जवळ यायचं. त्यांनी आवाज न चढवता एकच शब्द उच्चारला: ‘लोणी.’ म्हणजे डायॲसिटिल. आंबवताना तयार होणारा पदार्थ, लोण्याच्या वासाचा. यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस ऊब आणि सवड दिली तर ते स्वतःच तो परत पिऊन टाकतं. घाई केली तर तो बीअरमध्ये राहतो. नळ्या अस्वच्छ असतील तर त्यात वाढलेले जिवाणूही तो तयार करतात. लिटरला एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास असला की पुष्कळांना कळतो. काहींना त्याच्या कितीतरी पट असला तरी कळत नाही.

मी पुन्हा नाक घातलं. तळहातात धरून ग्लास गरम केला, कारण गारठ्यात हा वास दबतो. वर तळवा ठेवला, हलवला, काढला, हुंगलं. बिस्किट. पावाची कड. काकवी. ‘टॉफी म्हणताय का?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘टॉफीमध्ये काय असतं?’ आणि माझ्याकडे बघत राहिले. नियमपुस्तिकेत आयरिश रेडला अगदी हलका लोण्याचा वास चालेल, पण असायलाच हवा असं नाही, असं आहे. तो मुद्दा मी काढला. ‘हलका?’ ते म्हणाले. ‘मॅडम, जीभ निसरडी झाली आहे माझी.’ माझी झाली नव्हती. आणि मला जो वास आलाच नाही तो हलका होता, असं मी कोणत्या तोंडाने भांडणार?

तिथे मी काय केलं ते लिहायला मला एक वर्ष लागलं आहे. मी घाबरले. त्यांना वीस वर्षांचा अनुभव, मला सहा. पुढचा ग्लास येऊन थांबलेला, कारभारी घड्याळ दाखवत होते. मी ४०चे २९ केले, त्यांनी २४चे २७. सरासरी २८, बीअर बाद. आणि माझ्या कागदावर, माझ्या अक्षरात, वासाच्या रकान्यात मी लिहिलं: ‘लोण्याचा स्पष्ट वास. आंबवण्याच्या शेवटी पुरेसा वेळ द्यावा.’

स्पष्ट. हा शब्द कुठून आणला मी?

निकालानंतर कागद बनवणाऱ्यांकडे जातात, आणि त्यावर आमची नावं असतात. तीन आठवड्यांनी फोन आला. मराठी मुलगा, कल्याणकडचा, एका छोट्या ब्रूअरीत काम करणारा. आधी एकदा भेटलेला. भांडायला केला नव्हता, तेच वाईट. म्हणाला, ‘ताई, राग नका मानू. मी टँक रिकामा करायच्या आधी दोन बरण्यांत नमुना घेतो, एक साठ डिग्रीला गरम करून थंड करतो आणि दोन्ही हुंगतो. लोणी असलं तर गरम केलेल्यात कळतंच. नव्हतं. म्हणजे ते नंतर आलं असणार, बाटली भरताना किंवा नळीत. तेवढं शोधायचंय मला. म्हणून विचारतो, तुम्हाला लोणी नक्की कुठे लागलं? पहिल्या वासाला, की गिळल्यावर?’

मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. मी म्हणाले, ‘गिळल्यावर.’

‘थँक यू, ताई,’ तो म्हणाला. त्याने नळ्या उकलल्या, सगळे जोड काढून धुतले, असं नंतर कळलं. माझ्या ‘गिळल्यावर’वरून.

आता तुम्ही म्हणाल, अगं, त्या माणसाचं बरोबर असेल, वास असेलच, मुलाच्या नळ्या धुऊन निघाल्या तर बिघडलं काय? बिघडलं काही नसेल. मीही स्वतःला हेच सांगते. फक्त कागदावरचं वाक्य खोटं होतं, आणि ते खरं ठरलं असतं तरी खोटंच होतं.

मग मी स्वतःला तपासलं. सरावासाठी ठरावीक दोष घातलेल्या कॅप्सूल मिळतात. नवरा स्वयंपाकघरात साध्या बीअरची तीन फुलपात्रं भरायचा, स्टीलची, म्हणजे रंग-फेस बघून चोरी नको. दोन सारखी, एक वेगळं, आणि वेगळं कोणतं ते मी सांगायचं. अशा ९ फेऱ्या. नुसत्या नशिबाने ३ बरोबर येतात. माझ्या ४ आल्या. नवऱ्याने वहीत ‘४’ लिहून खाली रेघ मारली आणि काही बोलला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. महिनाभराने पुन्हा केलं. ६ आल्या. अशा चाचणीच्या तक्त्याप्रमाणे ९ पैकी ६ म्हणजे काठावर पास. मग मला येतो का हा वास? दिवाळीनंतर येतो आणि दिवाळीआधी येत नाही?

आणि एक गोष्ट या सगळ्यात कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या गिरगावच्या घरी आठवड्याची साय साठवून, विरजण लावून, आई रविवारी लोणी काढायची. रवीचा आवाज, मग ताकावर दाणे जमायचे, ती तळव्याने गोळा करायची आणि बोटभर माझ्या तोंडात घालायची. मग कढवायची, शेवटी विड्याचं पान टाकायची, आणि खरवड साखर घालून आम्हा भावंडांत वाटली जायची. विरजणातले जिवाणू दुधात करतात तो वासही डायॲसिटिलचाच. तोच पदार्थ. म्हणजे कदाचित माझं नाक आंधळं नाहीच. कदाचित मला तो आला, आणि मी त्याला ‘बिस्किट’ म्हटलं, ‘काकवी’ म्हटलं, आणि खूश होऊन ४० दिले, कारण मला रविवार आठवला. मग आत्येभाऊ जिंकला की. आवडीचाच प्रश्न.

पण नाही ना. ओला पुठ्ठा मला आवडत नाही म्हणून कळतो असं थोडंच आहे? मका मला आवडतो, भाजलेलाही आणि उकडलेलाही, आणि तो बीअरमध्ये मला लगेच खटकतो. हे आत्येभावाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुझ्या आईने मका रविवारी करायला हवा होता.’ त्याच्याशी या विषयावर मी आता बोलत नाही.

अजून परीक्षणाला जाते. सोडायला हवं होतं असं वाटणारे दिवस असतात, पण जाते. आता मला जे येत नाही ते मी कागदावर तसंच लिहिते: ‘सहपरीक्षकांना लोण्याचा वास आला. मला आला नाही.’ कारभाऱ्यांना हे आवडत नाही. बनवणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं, असं ते म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही.

गेल्या महिन्यात त्या मुलाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं, ‘गिळल्यावर’सकट. तो ऐकत होता आणि फडक्याने नळ पुसत होता, पुसून झालेला नळ. मग त्याने न विचारता रेड एल भरली, माझ्यासमोर ठेवली आणि तिथेच उभा राहिला. मी ग्लास तळहातात धरला, ऊब लागू दिली, हुंगलं.

‘लोणी?’ त्याने विचारलं.

‘मला नाही येत.’

‘तुम्हाला कधी येणार आहे, ताई,’ तो म्हणाला आणि हसला. पूर्ण हसला नाही. बिल मात्र पूर्ण लावलं.